गुरुवार संध्याकाळ ते रविवार सकाळ : नागपुरातली एक फेरी

यहुदी, ख्रिस्ती आणि इस्लाम यांच्यातलं साम्य नागपुरात फिरून पाहायचं असेल, तर मी सुरुवात ताजाबादपासून सुचवेन. तीही गुरुवारी, दिवस मावळल्यावर. उमरेड रोडवरच्या ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यात त्या वेळी गर्दी असते, कारण इस्लामी हिशोबाने शुक्रवार तेव्हाच लागतो. यहुद्यांचा दिवसही सूर्यास्तालाच बदलतो. भिंतीवरचं कॅलेंडर पाहून शुक्रवारी रात्री पोचलात, तर जुमेरात, म्हणजे शुक्रवारची ती रात्र, केव्हाच सरलेली असते. डोकं झाकायला रुमाल जवळ असू द्या. दर्गे न मानणारे मुसलमानही आहेत, हेही लक्षात ठेवावं.

शुक्रवारी मोमीनपुऱ्याची जामा मशीद. दुपारी गल्ल्या भरतात, म्हणून गाडी लांबच लावलेली बरी. वजूचा, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचा, क्रम ठरलेला: हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरापर्यंत हात, डोक्यावरून ओला हात, शेवटी पाय. रोजच्या जोहरला (दुपारच्या नमाजाला) चार फर्ज, म्हणजे सक्तीच्या, रकाती (नमाजाची आवर्तनं). जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाला, आधी दोन भागांत खुत्बा (प्रवचन) आणि मग दोनच रकाती. रांगा ज्या दिशेला उभ्या राहतात ती दिशा मजेशीर आहे. नागपूर आणि मक्का, दोन्ही एकविसाव्या अक्षांशाच्या जरा वर, त्यामुळे किब्ला, म्हणजे नमाजाला तोंड करायची दिशा, थेट पश्चिमेला असेल असं वाटतं. पण पृथ्वी गोल असल्याने जवळची वाट पश्चिमेच्या सुमारे आठ अंश उत्तरेकडून जाते. सपाट नकाशावर पट्टी ठेवणारे इथेच चुकतात. मुळात पहिला किब्ला जेरुसलेम होता. 624 च्या सुमारास तो मक्केकडे वळला. यहुदी प्रार्थनेला अजूनही जेरुसलेमकडेच तोंड करतात. इथून ते पश्चिमेच्या पंचविसेक अंश उत्तरेला येतं.

शुक्रवारी सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधी यहुदी घरात शब्बाथचे, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे लागतात. नागपुरात ही वेळ हिवाळ्यात सव्वापाचच्या आसपास, जूनमध्ये पावणेसातच्या थोडी आधी. शब्बाथ संपतो तो शनिवारी तीन तारे दिसल्यावर. कोकणातले यहुदी, म्हणजे बेने इस्रायल, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. किद्दुशला (शब्बाथच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला) वाईनऐवजी काळ्या मनुकांचं सरबत त्यांच्याकडे चालतं. सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) आतून पाहायला मात्र पुण्याचं लाल देऊळ किंवा अलिबाग गाठा.

मग सदर. सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रलमध्ये शिरताना पुरुषांनी टोपी काढायची, म्हणजे बरोबर उलटा नियम! चपला मात्र पायातच. कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी रविवारचा मिस्सा (मुख्य उपासना) असेल, तर तो रविवारचाच धरतात. मावळतीचा जुना हिशोब इथेही उरला आहे. दाराशी पवित्र पाण्यात बोटं बुडवून क्रूसाची खूण करतात. पहिलं वाचन कान देऊन ऐका: पुनरुत्थानाचा काळ (ईस्टरचे आठवडे) सोडला तर ते बहुधा यहुद्यांच्याच ग्रंथातलं असतं. त्यानंतर स्तोत्र येतं. ही स्तोत्रं दाविदाच्या नावावर ओळखली जातात, आणि दाऊदला दिलेल्या ग्रंथाला कुरआन जबूर म्हणतो. मराठी मिस्साची वेळ आधी विचारून घ्या, नाहीतर नेमकं हेच वाचन इंग्रजीत ऐकावं लागेल.