दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर मराठी

लॅपटॉप दुरुस्तीला टाकलाय आणि मी कोल्हापुरात. लेख आज रात्री जायलाच हवा होता. लक्ष्मीपुरीतल्या एका डीटीपीच्या दुकानात विचारलं, तर काका लगेच म्हणाले, "बसा की, आमचं काम काय पळून जात न्हाई." माणसं अशी मोकळ्या मनाची, पण त्या मशीनवर युनिकोड मराठी, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसेल असं टायपिंग, चालूच नव्हतं. सगळं काम जुन्या फॉन्टात. त्यात टाईप करून मेल केलं की समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा नुसता चिवडा दिसतो, कारण ते फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी आकार बसवतात.

याचा मला खरंच संताप येतो. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठी ठरवलेला प्रमाण कीबोर्ड, विंडोजमध्ये फुकट मिळतो, सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडली की झालं. इथं मात्र त्यालाही पासवर्ड हवा, तो काकांच्या पुतण्याकडे, आणि पुतण्या गेलेला इचलकरंजीला! फोनवर पासवर्ड मिळेपर्यंत अर्धी दुपार गेली.

पुढं मेल उघडायला ओटीपी, आणि ब्राउझर सारखा विचारतोय, पासवर्ड सेव्ह करू का? परक्या मशीनवर प्रायव्हेट विंडोच उघडावी, उठताना लॉगआउट करावं, डाउनलोड आणि रिसायकल बिनमधली फाइलही काढावी.

लेख गेला एकदाचा. सायबर कॅफे आणि डीटीपीवाल्या मित्रांनो, तुमच्याकडच्या प्रत्येक मशीनवर मराठी कीबोर्ड आजच चालू करून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.