रक्ताची परतीची वाट

गेल्या महिन्यात साखरेच्या तपासणीसाठी सकाळी उपाशीपोटी आमच्या गल्लीतल्या लॅबमध्ये गेले होते. तिथल्या मुलीने दंडाला रबरी पट्टी आवळली, "काकू, मूठ घट्ट धरा," असे म्हणाली आणि कोपराच्या खळगीत बोटाने चाचपत शीर शोधू लागली. शीर फुगून वर आली तेव्हा मला मनातल्या मनात हसू आले, कारण जवळजवळ ४०० वर्षांपूर्वी विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याने आपला सर्वांत महत्त्वाचा पुरावा नेमक्या याच पट्टीने जगासमोर मांडला होता. पट्टीच्या खालची, म्हणजे हाताच्या बाजूची शीर फुगते आणि वरची फुगत नाही. शिरेतले रक्त हृदयाकडून हाताकडे येत असते, तर ती पट्टीच्या वरच्या बाजूला फुगायला हवी होती.

मी ३१ वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले. दरवर्षी हृदयाचा धडा आला की फळ्यावर चार कप्पे काढायचे, वर दोन अलिंदे आणि खाली दोन निलये. डावीकडे तांबडा खडू, उजवीकडे निळा. मग डाव्या निलयातून महाधमनी, तिच्या फांद्या, त्यांच्या डहाळ्या, शेवटी केसाहूनही बारीक केशवाहिन्या असे सगळे रंगवून सांगायचे आणि "तेथून रक्त शिरांवाटे हृदयाकडे परत येते" या एका वाक्यात उरलेला अर्धा प्रवास उरकायचा. ते कसे परत येते, असे एकाही विद्यार्थ्याने विचारले नाही आणि मीही स्वतःला कधी विचारले नाही. निवृत्तीनंतर पोटऱ्यांवरच्या शिरा दोरखंडासारख्या वर आल्या, संध्याकाळी घोटे सुजू लागले, तेव्हा हा प्रश्न माझ्याच पायांनी मला विचारला.

जाण्याची वाट सोपी आहे, कारण तिथे जोर आहे. मुठीएवढे, सुमारे ३०० ग्रॅम वजनाचे हृदय मिनिटाला साधारण ७२ वेळा आकुंचन पावते आणि प्रत्येक ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलते. म्हणजे मिनिटाला पाच लिटर, दिवसाला सात हजार लिटरांच्या आसपास. महाधमनीत या रक्ताचा दाब पाऱ्याच्या १२० मिलिमीटरपर्यंत चढतो. पण केशवाहिन्यांच्या जाळ्यात शिरताना तो ३५ पर्यंत आणि बाहेर पडताना १५ च्या घरात उतरलेला असतो, आणि रक्त पुन्हा उजव्या अलिंदाच्या दाराशी पोहोचते तेव्हा जवळजवळ शून्यावर आलेला असतो. हृदयाने दिलेला जोर वाटेतच खर्ची पडतो. केशवाहिन्यांत तर रक्त सेकंदाला एक मिलिमीटरही सरकत नाही, तांबड्या पेशी एकामागून एक, अरुंद बोळातून जावे तशा अंग चोरत जातात. हा संथपणा गरजेचाच आहे, कारण प्राणवायू आणि अन्न पेशींना देण्याघेण्याचे सगळे काम तिथेच होते. मात्र त्यानंतर घरी परतण्यासाठी रक्ताच्या गाठीशी फारसे काही उरत नाही.

रक्त परत येते, हीच गोष्ट माणसाला फार उशिरा कळली. दुसऱ्या शतकातल्या गालेन या ग्रीक वैद्याचे मत युरोपात १४०० वर्षे प्रमाण मानले गेले. त्याच्या मते यकृत अन्नापासून रक्त तयार करते, ते शिरांवाटे सर्वांगात जाते आणि शेतात सोडलेल्या पाटाच्या पाण्यासारखे तिथेच जिरून जाते. हृदयाच्या मधल्या पडद्याला न दिसणारी भोके असून त्यांतून थोडे रक्त उजवीकडून डावीकडे झिरपते, असेही तो सांगे. तेराव्या शतकात कैरोमध्ये इब्न अल-नफीस याने या पडद्याला भोके नाहीत, रक्त फुप्फुसांतूनच डावीकडे जाते, असे स्पष्ट लिहून ठेवले होते. पण ते युरोपच्या वैद्यांपर्यंत पोहोचल्याचे दिसत नाही.

हार्वेने केलेला हिशेब सहावीतल्या मुलालाही जमेल असा आहे. प्रत्येक ठोक्याला हृदयातून अवघे अर्धा औंस रक्त बाहेर पडते असे धरा. अर्ध्या तासात हृदय हजाराहून अधिक वेळा धडधडते. म्हणजे ५०० औंस, आपल्या मापाने चौदा-पंधरा किलो रक्त अर्ध्या तासात! एवढे रक्त कुणाच्याही अंगात नसते आणि एवढे रक्त तयार होण्याइतके अन्न कुणी खातही नाही. तेव्हा तेच रक्त फिरून फिरून येत असले पाहिजे. १६२८ मध्ये फ्रँकफर्ट येथे छापलेल्या ७२ पानांच्या लॅटिन पुस्तकात त्याने हे मांडले. मात्र पुढे रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञाने त्याला ही कल्पना मुळात सुचली कशी असे विचारले, तेव्हा त्याने हिशेबाकडे बोट दाखवले नाही. शिरांमधल्या झडपांकडे दाखवले. या झडपा त्याने इटलीतील पाडुआ येथे शिकत असताना आपल्या गुरूंकडे, फाब्रिशियस यांच्याकडे पाहिल्या होत्या. गुरूंना वाटले, खाली उतरणाऱ्या रक्ताचा वेग आवरण्यासाठी ही दारे असावीत. शिष्याच्या लक्षात आले की दारे एकाच दिशेने उघडतात आणि ती दिशा हृदयाकडची आहे. एकाच वस्तूकडे पाहून दोघांनी काढलेले हे दोन अर्थ मला त्या सगळ्या इतिहासातला सर्वांत शिकवून जाणारा भाग वाटतो. वर्गात मात्र मी तो कधी सांगितला नाही, कारण परीक्षेत तो नव्हता.

ज्यांच्या हातावरच्या शिरा ठळक दिसतात त्यांनी हार्वेचा प्रयोग घरी करून पाहावा. दंडाला रुमाल बेताने बांधावा. हात पांढरा पडेल इतका घट्ट नव्हे, कारण तेवढ्याने आत खोलवर असलेली धमनीही दबते आणि हातात रक्त येणेच थांबते. शिरा फुगल्या की त्यांवर ठिकठिकाणी गाठीसारखे उंचवटे दिसतील. त्या जागी झडपा असतात. मनगटाच्या बाजूला एका बोटाने शीर दाबून धरावी आणि दुसऱ्या बोटाने त्यातले रक्त कोपराच्या दिशेने पुढच्या गाठीपलीकडे सारावे. मधला तुकडा रिकामा होऊन सपाट पडतो आणि वरून काहीही खाली उतरत नाही. खालचे बोट उचलले की तो क्षणात भरतो. प्रयोग संपताच रुमाल सोडावा.

आता पायांकडे येते. शांत उभ्या असलेल्या माणसाच्या पावलाजवळच्या शिरेत दाब पाऱ्याच्या ९० मिलिमीटरांच्या आसपास असतो, कारण हृदयापर्यंतचा रक्ताचा सगळा स्तंभ तिच्यावर उभा असतो. हे वाचून रक्त वर चढवण्यासाठी प्रचंड ताकद लागत असेल असे वाटते, पण तो अर्धवट समज आहे. तितकाच उंच स्तंभ धमनीच्या बाजूनेही खाली दाब देत असतो आणि इंग्रजी यू आकाराच्या नळीसारखे दोन्ही बाजूंचे पारडे बरेचसे सारखे होते. खरी अडचण वेगळी आहे. धमनीची भिंत जाड आणि ताठ असते, शिरेची पातळ आणि ताणली जाणारी. अंगातले निम्म्याहून अधिक रक्त कोणत्याही क्षणी शिरांतच असते आणि आपण उठून उभे राहिलो की त्यातले अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांत आणि ओटीपोटात उतरून तिथेच रेंगाळू लागते.

ते हलवण्याचे काम पोटरी करते. पोटरीच्या स्नायूंच्या आत रक्ताने भरलेल्या रुंद शिरा असतात. पाऊल टाकताना स्नायू आवळला की त्या ओल्या फडक्यासारख्या पिळल्या जातात, रक्ताला वाट हवी असते आणि झडपा खालची वाट बंद ठेवत असल्यामुळे ते वरच जाते. चालू लागल्यावर पावलाजवळचा तो ९० चा दाब ३० च्याही खाली येतो. पोटरीला दुसरे हृदय म्हणतात ते उगीच नव्हे. ट्रॅफिक पोलीस, सलूनवाले, बसचे कंडक्टर, शिक्षक यांचे मात्र हे दुसरे हृदय तासन् तास निजलेले असते. शीर ताणून ताणून रुंद झाली की झडपेची दोन पाने एकमेकांना भेटेनाशी होतात, वरचे रक्त खाली घसरते आणि त्याच्या भाराने खालची झडपही निकामी होते. माझी डॉप्लर तपासणी, म्हणजे रक्ताचा प्रवाह पडद्यावर दाखवणारी सोनोग्राफी, झाली तेव्हा डॉक्टरांनी पोटरी दाबताच पडद्यावर निळा पट्टा वर सरकला आणि हात सोडताच तिथेच लाल पट्टा उलटा उतरला. (ते निळे-लाल रंग रक्ताचे नसून दिशेचे असतात. शिरेतले रक्तही लालच असते, फक्त अधिक गडद. माझ्या निळ्या खडूने किती मुलांचा गैरसमज करून दिला असेल कोण जाणे.)

एक जुनी चूकही इथे कबूल केली पाहिजे. एका १५ ऑगस्टला झेंडावंदनानंतर भाषणे लांबली आणि सावधान स्थितीत उभा असलेला आठवीतला एक मुलगा कोसळला. आम्ही दोघा शिक्षकांनी त्याला काखेत धरून उचलले आणि खुर्चीत बसवले. तो पुन्हा घसरला. पोटऱ्या न हलवता उभे राहिल्यामुळे त्याचे रक्त पायांत साचले होते, हृदयाकडे परतणारे रक्त घटले होते आणि मेंदूला ते पुरेनासे झाले होते. खाली आडवे पडणे हाच शरीराने शोधलेला उपाय होता आणि आम्ही तोच मोडून काढत होतो. त्याला जमिनीवर निजवून पाय थोडे उंच करायला हवे होते.

पोटरीच्या जोडीला श्वास असतो. श्वास आत घेताना श्वासपटल खाली येते, छातीतला दाब घटतो, पोटातला वाढतो आणि या फरकामुळे महाशिरेतले रक्त छातीकडे ओढले जाते. म्हणजे झोपेतही, पाय पूर्ण निश्चल असताना, परतीची वाट चालू राहते.

या परतीवर हृदयाचे स्वतःचे कामही ठरते. जर्मनीतील ओटो फ्रांक आणि लंडनचे अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी दाखवून दिले की हृदयाच्या स्नायूला जितके जास्त रक्त येऊन ताण बसतो, तितक्या जोराने तो पुढच्या ठोक्याला आकुंचन पावतो. आलेले सगळे पुढे पाठवणे हा त्याचा धर्म. याचे महत्त्व पाहायचे तर पुन्हा एकदा हिशेब करावा. उजवे निलय फुप्फुसांकडे रक्त पाठवते आणि डावे उरलेल्या शरीराकडे. उजव्याने प्रत्येक ठोक्याला डाव्यापेक्षा अवघा एक मिलिलिटर जास्त पाठवला, तर मिनिटाला ७२ आणि दहा मिनिटांत ७२० मिलिलिटर रक्त फुप्फुसांत अडकून पडेल आणि माणूस गुदमरेल. असे होत नाही, कारण डावीकडे जास्त रक्त आले की डावे निलय आपोआप जास्त जोर लावते. त्यासाठी मेंदूच्या हुकमाचीही गरज नसते. हृदय थकले की हा तोल बिघडतो आणि मग रात्री उशा वाढवून झोपणारी, आडवे होताच धाप लागणारी माणसे आपण पाहतो.

परतीची आणखी एक गल्ली आहे आणि ती धड्यात हृदयाच्या पानावर नसतेच. केशवाहिन्यांतून जेवढे पाणी ऊतींत झिरपते तेवढे सगळे परत आत येत नाही. रोज काही लिटर बाहेर उरते. ते लसीकावाहिन्या गोळा करतात आणि मानेच्या मुळाशी पुन्हा शिरांत आणून सोडतात. ही गल्ली बंद पडली तर काय होते, हे विदर्भातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. हत्तीपायाचे जंतू याच वाहिन्यांत घर करतात. हृदय ठणठणीत, धमन्या उघड्या, तरी पाय खांबासारखा होतो.

माझ्या थोरल्या दिरांची बायपास झाली तेव्हा छातीवरच्या व्रणाइतकाच लांब व्रण त्यांच्या पायावर होता. "हृदयाला दुखणे आणि पाय कशाला कापला?" असे जाऊबाईंनी रागानेच विचारले होते. घोट्यापासून जांघेपर्यंत कातडीखालून जाणारी एक लांब शीर असते. ती काढली तरी पायाचे काम आतल्या खोल शिरांवर भागते. अर्जेंटिनाचे शल्यविशारद रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे ती हृदयाच्या तुंबलेल्या धमनीला वळसा म्हणून जोडण्याची पद्धत रूढ केली. जोडताना एक काळजी घ्यावी लागते: शीर उलटी करावी लागते. घोट्याकडचे टोक महाधमनीला आणि जांघेकडचे टोक हृदयाच्या धमनीला, कारण आत झडपा असतात आणि सुलट बसवली तर त्या रक्ताला पुढे जाऊच देणार नाहीत. महाधमनीचा दाब तिच्या पातळ भिंतीला नवा असतो. ती हळूहळू जाड होत जाते आणि काही वर्षांनी अरुंदही होऊ शकते. म्हणूनच हृदयाच्या पुढच्या, सर्वांत महत्त्वाच्या धमनीसाठी शल्यविशारद हल्ली छातीच्या आतल्या बाजूची धमनी पसंत करतात. दिरांची शीर अजून चांगली चालू आहे. त्यांना हे सगळे सांगितले तेव्हा त्यांनी विजार वर सारून तो व्रण खालून वर आणि मग वरून खाली असा बोटाने माझ्यासमोर दोनदा मोजून पाहिला.