हडळीच्या वेशातली मावशी

आज वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत पोरांच्या भयपटाचे चित्रीकरण पाहिले. चार छोट्या कथांचा हा चित्रपट आहे आणि त्यासाठीचे पैसे त्यांनी आपापसांत जमवले आहेत. हडळीची भूमिका मासे विकणाऱ्या एका मावशींना दिली होती. तोंडाला पीठ फासून, केस मोकळे सोडून त्या विहिरीच्या कठड्यावर बसल्या होत्या. मध्येच त्यांनी विचारले, "भुताक नेहमी बाईच कित्याक व्हयी?" कोणालाच उत्तर सुचले नाही.

हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही. आपल्या कोकणातल्या भुतांनाही जात आणि धर्म असतो: ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा, खवीस बहुधा मुसलमानाचा, हडळ बाळंतपणात गेलेल्या बाईची. म्हणजे ज्यांचे जिवंतपणी कोणी ऐकले नाही, त्यांतल्या अनेकांना आपण मेल्यावर भीतीचे रूप दिले, पण गोष्ट सांगण्याचा अधिकार मात्र दिला नाही.

कथासंग्रहाच्या स्वरूपात भयपट करण्याचा मोठा फायदा इथेच आहे, कारण प्रत्येक कथेचा दिग्दर्शक वेगळा असू शकतो आणि थोड्या पैशांत नव्या माणसाला संधी देता येते. 2017 च्या 'एक्सएक्स' या इंग्रजी चित्रपटात चारही कथा स्त्रियांनी दिग्दर्शित केल्या होत्या आणि कॅरिन कुसामा त्यांतल्या एक होत्या.

संध्याकाळी पोरांनी चौथी कथा बदलायचे ठरवले. ती आता मावशी सांगणार आहेत, मालवणीतून, आणि कॅमेऱ्यामागे त्यांची नात उभी राहणार आहे.