धुळ्याहून तोरणमाळला सायकलने

सातपुड्यातल्या तोरणमाळ या थंड हवेच्या ठिकाणी मी एसटीने आणि मोटारीने अनेकदा गेलो होतो. सायकलने जाण्याचे मात्र पन्नाशी उलटल्यावर ठरवले. ठरवल्यापासून निघेपर्यंत तीन महिने गेले आणि त्यातला बराचसा वेळ पायांपेक्षा सायकलीच्या तयारीत गेला.

माझी सायकल जाड टायरची आहे. पुढे 42, 34 आणि 24 दातांची तीन चक्रे आणि मागे 14 ते 28 दातांचे फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच. पुढचे सर्वांत लहान आणि मागचे सर्वांत मोठे चक्र जोडले, की पॅडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक पुरता एक फेराही घेत नाही, म्हणून वेग अगदी कमी पडतो. पण चढावर दम टिकतो तो याच जोडीमुळे. ही जोडी तपासण्यासाठी मी धुळ्याजवळच्या लळिंगच्या चढावर गेलो, तेव्हा जोर लावताच चेन खडखडून घसरू लागली. महिन्यापूर्वीच एका दुकानात चेन बदलून घेतली होती, परंतु फ्रीव्हील जुनेच ठेवले होते. झिजलेल्या दातांवर नवी चेन बसत नाही, सपाट रस्त्यावर हे कळत नाही आणि घाटात मात्र लगेच उघडे पडते, ही गोष्ट दुकानदाराने सांगायला हवी होती. फ्रीव्हील बदलले आणि खडखड थांबली.

डिसेंबरमध्ये भाच्याला सोबत घेऊन पहाटे निघालो. सोनगीरपर्यंत महामार्ग, तेथून डावीकडे वळून चिमठाणे, दोंडाईचा, सारंगखेडा आणि शहादा, असा पहिल्या दिवसाचा सुमारे नव्वद किलोमीटरचा टप्पा होता. चिमठाण्याच्या अलीकडे मागचे चाक बसले. ट्यूब काढली, ठिगळ लावले, हवा भरली आणि दोन किलोमीटरवर ते पुन्हा बसले. चूक माझीच होती. मी ट्यूबचे भोक बुजवले, पण टायरमध्ये रुतून बसलेला काटा शोधला नव्हता. बोट फिरवून तो लागेना. इतक्यात शेजारच्या शेतातून कापूस वेचणारे एक गृहस्थ बांधावर आले आणि म्हणाले, "कथा जाई राहिना भाऊ?" तोरणमाळ म्हणताच ते हसले, आणि त्यांनी ओटीतल्या कापसाचा एक पुंजका काढून हातावर ठेवला. तो टायरच्या आतून सावकाश फिरवला, तेव्हा एके ठिकाणी त्याचे तंतू अडकले. तेथेच बाभळीच्या काट्याचे तुटलेले टोक, तांदळाच्या दाण्याहूनही लहान, आत डोकावत होते. त्यानंतर टायर कधीही उघडला, तरी मी आधी कापूस फिरवतो.

सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेतला घोडेबाजार भरलेला होता, त्यामुळे तापीवरचा पूल सायकल हातात धरून ओलांडावा लागला. घोडी बुजतात, म्हणून घंटी वाजवायची नाही, एवढे पथ्य पाळले. शहाद्याला मुक्काम केला आणि तेथेच एक निर्णय घेतला, जो या प्रवासात सर्वांत उपयोगी पडला: कपड्यांची पिशवी, जादा बूट आणि भाच्याचा जडसा कॅमेरा लॉजवरच ठेवला. प्रत्येकाने चार लिटर पाणी, शेंगदाणे, गूळ आणि दादर ज्वारीच्या भाकरीबरोबर ठेचा, एवढेच घेतले.

दुसऱ्या दिवशी म्हसावद आणि राणीपूरपर्यंत पपई, ऊस आणि कापसाच्या शेतांमधून रस्ता सरळ जातो, आणि मग सातपुडा एकदम समोर उभा राहतो. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 1,150 मीटर उंचीवर आहे, म्हणजे तापीच्या काठापासून जवळजवळ हजार मीटर चढायचे असते, आणि त्यातला मोठा भाग शेवटी येतो. चाळीस मिनिटे चालवायचे आणि दहा मिनिटे बसायचे, असे आम्ही ठरवले होते. सात पायरी घाटात ते मोडले. प्रत्येक वळणावर वाटायचे की हेच शेवटचे. दोन वळणे मी सायकल ढकलत चढलो. त्यात मला कमीपणा वाटला नाही. भाचा पुढे जाऊन थांबत होता आणि वरून विचारत होता, "मामा, जीप थांबवू का?" मी हात हलवून नको म्हणत होतो, कारण बोलायला श्वास नव्हता.

तोरणमाळच्या यशवंत तलावाशी पोहोचल्यावर टायरमधली हवा पंचेचाळीस पौंडांवरून अठ्ठावीसवर आणली. मातीच्या आणि खडीच्या वाटेवर कमी हवेचा टायर जमिनीला अधिक चिकटतो आणि हादरे कमी लागतात. मात्र फार उतरवली, तर दगडावर आपटून रिम आणि दगड यांच्यामध्ये ट्यूब चिमटते. वाट दाखवायला गावातल्या एका तरुणाला मेहनताना देऊन सोबत घेतले, कारण शेतांतून जाणाऱ्या पायवाटा कोणाच्या अंगणात संपतात, हे परक्याला कळत नाही. सीताखाईच्या कड्याजवळ आम्ही सायकली बऱ्याच मागे ठेवून पायी गेलो.

तिसऱ्या दिवशी उतरताना काळजी होती ती ब्रेकची. सतत दाबून धरलेला ब्रेक तापतो आणि मग त्याची पकड ढिली पडते, म्हणून वळणापूर्वी जोरात दाबायचा आणि पुढे सोडून द्यायचा. तरीही तिसऱ्या वळणावर जळका वास आला. भाच्याने ब्रेकच्या डिस्कवर, म्हणजे ब्रेक जिला पकडतो त्या धातूच्या चकतीवर, बाटलीतले पाणी ओतण्यासाठी झाकण उघडले होते. मी त्याचा हात धरला, कारण तापलेली डिस्क अचानक थंड झाली, तर वाकडी होऊ शकते. सावलीत वीस मिनिटे बसून राहिलो आणि उरलेली भाकरी संपवली.

शहाद्याहून परतीला मिरच्या पोहोचवून धुळ्याकडे रिकाम्या निघालेल्या एका पिकअपमध्ये सायकली चढवल्या आणि दोंडाईचापर्यंत दोघेही शिंकत राहिलो. घरी आल्यावर टायर उतरवून त्यातून पुन्हा कापूस फिरवला, तेव्हा तो अकरा ठिकाणी अडकला.