जेवायची सोय काय?

कोल्हापुरात पोरगं शिकायला आलं की पाहुण्यारावळ्यांचे प्रश्न ठरलेले असतात आणि त्यांचा क्रमही. कुठला विषय घेतलास हा तिसरा-चौथा. मार्क किती पडले हा त्याच्याही मागचा. पहिला प्रश्न, "जेवायची सोय काय?" त्याचं उत्तर पटलं की विचारणाऱ्याचा चेहरा असा खुलतो, जणू निम्मी पदवी पदरात पडली. मायक्रोबायोलॉजी म्हणजे काय हे आमच्या मामांना शेवटपर्यंत कळलं नाही. पण "मेस लावलीय, शिवाय गावाकडनं डबा येतोय" हे त्यांना एका दमात कळलं आणि पुढची दोन वर्षं त्यांनी माझ्या शिक्षणाची काळजी केली नाही.

बाहेरच्यांना हे खादाडपणाचं लक्षण वाटतं. वाटू दे. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यापलीकडे कोल्हापूर बघायचंच नाही असं ठरवूनच काही लोक गाडीतून उतरतात. पण या गावात शिक्षणाची आणि जेवणाची गाठ शंभरावर वर्षं जुनी आहे. राजाराम कॉलेज १८८० पासून होतंच. खेड्यातलं पोरगं तिथवर पोचत नव्हतं, कारण शहरात राहायचं कुठं आणि खायचं काय? शाहू महाराजांनी आधी सगळ्यांसाठी मिळून एक वसतिगृह काढून बघितलं, ते काही साधलं नाही. मग १९०१ मध्ये मराठा आणि जैन, १९०६ मध्ये मुस्लिम, १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क, अशी एकामागून एक बोर्डिंगं उभी राहिली. दसरा चौकाच्या आजूबाजूला आजही त्यांच्या पाट्या वाचत फिरता येतं.

यातल्याच जैन बोर्डिंगात भाऊराव पाटील नावाचा एक विद्यार्थी होता. मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला जाऊन आला म्हणून त्याला आधी आंघोळ करायला सांगितलं, मगच आत घेणार. त्यानं साफ नकार दिला आणि बोर्डिंग सोडावं लागलं. पुढं हाच मुलगा कर्मवीर झाला. साताऱ्याला सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवणारं वसतिगृह त्यानं चालवलं आणि त्या मुलांच्या जेवणासाठी त्याच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. शिक्षणाचा इतिहास लिहिणारे शाळांची यादी देतात. स्वयंपाकघरांची कुणीतरी द्यायला हवी.

१८ नोव्हेंबर १९६२ ला राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या हस्ते शिवाजी विद्यापीठाचं उद्घाटन झालं. पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. गावाच्या पूर्वेला माळावर उभं राहिलेलं हे विद्यापीठ आज इतकं हिरवं आहे की सकाळी चालायला येणारी मंडळी कुठली आणि तासाला निघालेली कुठली ते बुटांवरून ओळखावं लागतं. मोर दोघांनाही सारखंच दुर्लक्षून पुढं जातात. कर्मवीरांची 'कमवा आणि शिका' इथं अजून चालू आहे: विद्यापीठातच काही तास काम करायचं आणि राहण्या-जेवणाचा भार हलका करायचा. म्हणजे पुन्हा तेच, जेवायची सोय.

आम्हा बाकीच्यांना मेस. राजारामपुरीत, राजेंद्रनगरात, सागरमाळावर घराघरांत मावशी लोकांच्या मेस. मेसचं एक स्वतंत्र कायदेशास्त्र असतं आणि त्यातलं सगळ्यात वादग्रस्त कलम खाड्याचं. गावी गेलात तर किती दिवसांचा खाडा धरायचा, आदल्या रात्री सांगितलं नाही तर धरायचा का, सकाळी जेवून संध्याकाळच्या गाडीनं गेलं तर अर्धा की पाऊण? आमच्यातला एकजण आता कोर्टात वकिली करतो. त्याचा पहिला युक्तिवाद मावशींपुढं झाला होता आणि तो हरला होता. मावशींनी शांतपणे विचारलं, "तू खाडा केलास, पण तुझ्या वाटणीची आमटी कुणी खाल्ली ते सांगू?" रविवारी संध्याकाळी मेस बंद. त्या संध्याकाळी खिशात जे असेल त्यावर ठरायचं, वडापाव की अंडा-बुर्जी.

पण मेस ही झाली व्यवस्था. डबा वेगळा.

पहाटे गावातून सुटणाऱ्या पहिल्या एसटीत पुढच्या बाजूला, ड्रायव्हरच्या डाव्या हाताशी, फडक्यात बांधलेल्या डब्यांची रांग. झाकणांवर ऑइलपेंटनं नाव, काहींवर नुसतं गावाचं, काहींवर बापाचं. आम्ही स्टँडवर जाऊन उभं राहायचं. "मामा, वाळव्याचा डबा आलाय काय?" "कुणाचा? तीन हाईत." मग नाव सांगायचं, मामा एकदा तोंडाकडं बघायचे आणि डबा हातात. पावती नाही, सही नाही, ओळखपत्र नाही. एसटी चुकली तर दूध घेऊन येणाऱ्या टेम्पोत ठेवायचा. डबा यायचाच.

आत काय असायचं? जोंधळ्याच्या भाकरी, एकीवर एक, वाफेनं खालच्या दोन मऊ पडलेल्या. झुणका. खर्डा, तो मात्र वेगळ्या पुडीत, कारण त्याचं तेल भाकरीत उतरलं तर वरच्या मजल्यावरची साताऱ्याची मुलं वासावर यायची. परड्यातली वांगी असतील तर भरीत. आणि कधीतरी न सांगता एका कोपऱ्यात कागदात गुंडाळलेली शंभराची नोट, तेलाचा डाग पडलेली. दुधाचं बिल झालं की ती यायची. आमच्या जिल्ह्यात दूध संघ दर दहा दिवसांनी पैसे देतो, ऊसबिल सावकाश येतं. म्हणून घर उसावर बांधलं जातं आणि पोरांचं शिक्षण म्हशीवर चालतं. माझ्या एम.एस्सी.च्या प्रमाणपत्रावर कुलगुरूंची सही आहे. आमच्या म्हशीचा खूर उमटवायला जागा होती, पण तशी पद्धत नाही.

रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीनं परत जायचा. तो धुऊन पाठवायचा नाही, असं आईचं बजावणं. आळस चालवून घेते असं मला वाटायचं. पुढं कळलं की ती उघडून बघायची. भाकरी उरली तर पोरीचं काहीतरी बिनसलंय. चटणीचा खण चाटून पुसून गेला तर मेसचं जेवण सपक आहे. पोरं फोनवर खोटं बोलतात, डबा बोलत नाही, हे तिचं शास्त्र आणि ते आमच्या प्रयोगशाळेतल्या निष्कर्षांपेक्षा कमी वेळा चुकायचं.

२०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा गावात शिरली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, एसटी जागेवर थांबल्या. तोवर मी नोकरीला लागले होते, पण खोल्यांतून राहणारी पोरं तीच. त्या दिवसांत तालमींनी आणि मंडळांनी मोठमोठ्या चुली पेटवल्या. फुटबॉलच्या मोसमात एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या पेठा शेजारी शेजारी भात शिजवत होत्या. वाढणारा ताटावर झारा रोखून एवढंच विचारायचा, "कुठलं रं तुमी?" आणि उत्तर ऐकायच्या आत वाढून मोकळा.

आता मोबाइलवर बोट टेकवलं की जेवण दारात येतं, आणि ते चांगलंही असतं, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. तरी एसटीतून डबे येतात. बाटलीतलं ताक आणि प्लॅस्टिकचे डबे वाढलेत, ऑइलपेंटच्या जागी मार्कर आलाय.

राहता राहिली म्हाई. गावची जत्रा, आम्ही तिला म्हाईच म्हणतो. वर्गातल्या एकाच्या गावात म्हाई असली की अख्खा वर्ग, वरचा वर्ग, लॅबमधले मामा आणि पाठोपाठ एखादे सरसुद्धा तिकडं. डब्यातनं वर्षभर जे येतं ते तिथं टोपांनी वाढलं जातं. अडचण एवढीच की म्हाया उन्हाळ्यात येतात आणि परीक्षाही. विद्यापीठात वेळापत्रक करणारी मंडळी बहुतेक इकडचीच असतात, त्यांनाही आमंत्रणं जातच असतील. तरीही सेंद्रिय रसायनशास्त्राचा पेपर दरवर्षी नेमका मटणाच्या दुसऱ्या दिवशी कसा येतो, ते मला अजून उलगडलेलं नाही.