ठोकळेच का? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, निसर्गचित्र कधी काढणार? वहीत नुसते ठोकळेच दिसतायत." ठाण्यात चित्रकलेचा क्लास सुरू केला तेव्हापासून पालकांचा हा प्रश्न पाठ सोडत नाही. त्याला जोडून दुसराही येतोच: "मोबाइलवर फोटो निघतो, मग यथार्थदर्शन हवंय कशाला?" यथार्थदर्शन म्हणजे पर्स्पेक्टिव्ह, जवळचं-लांबचं डोळ्याला दिसतं तसं कागदावर आणणं. जिन्यात उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून लिहितेय.

इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेच्या ग्रेडसाठी मी ठोकळे काढून घेत नाही. ठोकळा काढायचा तर आपण कुठून बघतोय ते आधी ठरवावं लागतं. डोळ्यांच्या पातळीवर क्षितिजरेषा; ठोकळा तिच्या खाली असला तर त्याची वरची बाजू दिसते, वर असला तर तळ दिसतो. इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये वास्तुकार ब्रुनेलेस्कीने हे करून दाखवलं, विद्वान आल्बेर्तीने १४३५ मध्ये लिहून ठेवलं. आमच्या वहीत येतं ते एवढंच.

माझ्याकडे सहावीतला एक मुलगा यायचा. त्याने ठाणे स्टेशनचा फलाट काढला, बाकड्यावर बसून. क्षितिजरेषा उभ्या माणसांच्या कमरेशी. जवळचा हमाल असो की पार टोकाचा प्रवासी, रेषा प्रत्येकाच्या कमरेतूनच गेलेली. जवळच्यांची डोकी उंच, लांबच्यांची खाली उतरत रेषेकडे आलेली. छपराच्या कडाही त्याच रेषेवरच्या एका बिंदूकडे धावणाऱ्या. यातलं एकही टोक मी धरून दिलेलं नव्हतं.

शाळेच्या प्रदर्शनात ते लागलं आणि तिथे कुणीतरी काळ्या स्केचपेनने 'दुरुस्त' केलं. सगळी डोकी एका रेषेत आणली. नियम बरोबरच आहे, पण बघणारा उभा असेल तर! कागदाची चार घड्यांची पुडी करून तो माझ्याकडे आला. "मी बसलो होतो, हे त्यांना कळलं कसं नाही?" पुढे तो यायचा बंद झाला. मला अजून राग येतो.

पूर्वी मी ठासून सांगायचे, यथार्थदर्शनाशिवाय चित्र उभंच राहत नाही. आता वारली चित्रासमोर तसं म्हणवत नाही. तिथे झोपडी समोरून दिसते आणि तारपा नाचाचा वेढा वरून, आणि कुठे काही खटकत नाही. मग ठोकळ्यांचा हट्ट कशाला? माझ्याशीच माझं हे भांडण चालू असतं. त्या मुलाला आपली जागा ठामपणे सांगता आली ती ठोकळ्यांमुळे, असं मी म्हणते. आणि ती पुसलीही गेली ती अर्धवट पाठ केलेल्या त्याच विद्येने, हेही मला दिसतं.

काही मुलं कंटाळतात, हे तुमचं म्हणणं खरं आहे. तुमचं कंटाळलं तर सांगा. ठोकळ्याऐवजी घरातला फ्रिज काढायला देईन: एकदा जमिनीवर बसून, एकदा स्टुलावर उभं राहून.