कोथिंबिरीची मुळं

“अगं एवढं ताजं पापलेट, तव्यावर टाक की सरळ, ओव्हन कशाला?” सासूबाई म्हणाल्या.

मी लसूण, मिरी आणि कोथिंबिरीची मुळं कुटत होते, थायलंडमध्ये बऱ्याच वाटणांची सुरुवातच यातून होते. ते माशाला चोळलं, पोटात ठेचलेला गवती चहा भरला, केळीच्या पानात बांधून 200 डिग्रीला ठेवलं आणि तिसऱ्या (शिंपले) नि कोळंबी नारळाच्या दुधात वेगळ्या ट्रेमध्ये अगदी शेवटी, कारण कोळंबी जास्त शिजली की चिवट होते. तिसऱ्यांची तोंडं उघडली की काढायचं, बंद राहिलेल्या खायच्या नाहीत.

पान सोडलं तर सासूबाईच वाकून वास घेत म्हणाल्या, “आणि ही मुळं आपण जन्मभर केरात टाकली गं!”

तेच डोक्यातून जात नाहीये. एवढा वास असतो त्यात! तुमच्याकडे वापरतं का कुणी, कशात?